अंगापेक्षा चोच लांब!

आपल्या जास्वंदीवर येतो तो शिंजीर. त्याला हमिंगबर्ड म्हणू नका मंडळी! खरे हमिंगबर्ड फक्त अमेरिकेच्या दोन खंडांत. त्यातला माझा लाडका म्हणजे 'सोर्ड-बिल्ड'. वजन जेमतेम १० ते १५ ग्रॅम, पण चोच ८ सेंमीच्या वर. शेपटी सोडली तर उरलेल्या अंगाहून लांब! जगात असा दुसरा पक्षी नाही.

मुक्काम व्हेनेझुएलापासून बोलिव्हियापर्यंत, अँडीजच्या थंड, धुकट जंगलांत. रंग हिरवा, डोक्यावर तांबूस झाक.

एवढी चोच कशाला? तिथल्या एका कृष्णकमळाच्या फुलाची नळी इतकी खोल, की इतरांची चोच मधापर्यंत पोचतच नाही. आपल्या धोतऱ्याच्या भाऊबंदांची लोंबती फुलंही याला आवडतात. खाली तरंगत राहायचं नि चोच वर खुपसायची.

पण या चोचीने पिसं साफ करणार कशी? मग ते काम पायांवर! फांदीवर बसला की चोच आभाळाकडे, म्हणजे मानेला भार कमी.

क्विटोजवळच्या यानाकोचा राखीव जंगलात हा साखरपाण्याच्या भांड्यांवर येतो. इक्वाडोरला कुणी निघालंच, तर एक सकाळ तिथे ठेवा. आणि फोटो इथे टाका!