ओके दाबलं होतं

पहाटे ५.५०
पहिला फोन घाटकोपरहून. "भाऊ, कंप्युटर मेला."
"बोर्डावरचं बटण चालू आहे का बघा."
पलीकडे शांतता. मग 'टक्' असा आवाज. मग जरा दुखावलेल्या सुरात, "झाला चालू. तुम्ही काय केलंत?"
काही नाही, शेठ, अंथरुणातून कूस बदलली.

मी मुलुंडला राहतो आणि मुलुंड ते बोरिवली पट्ट्यातल्या छोट्या ऑफिसांचे कंप्युटर सांभाळतो. वर्षाचं कंत्राट असतं, धंद्यात त्याला एएमसी म्हणतात. बावीस वर्षं हेच करतोय. पाठीवरच्या सॅकमध्ये दोन स्क्रूड्रायव्हर, एक जुना कीबोर्ड, एक हार्ड डिस्क आणि डबा. यातली सर्वांत भरवशाची वस्तू डबा.

७.२०
मुलुंडहून लोकल. घाटकोपरपर्यंतच जायचं असल्यामुळे आत शिरायचं नाही, दारापासून हलायचंही नाही. सगळ्यांच्या माना मोबाइलवर. तंत्रज्ञानाच्या बातम्या मी इथेच वाचतो, बहुतेक वेळा शेजाऱ्याच्या फोनवर. रोज कुठली तरी क्रांती झालेली असते. कालच्या क्रांतीचं काय झालं, हे विचारायचं नसतं.

सध्या सगळी क्रांती एआयची. २०२५ च्या जुलैमध्ये टीसीएसने सुमारे बारा हजार माणसं कमी करणार म्हणून जाहीर केलं, तेव्हा हा लोकलचा डबा आठवडाभर चिडीचूप होता. कारण एआय नव्हे, कौशल्यांचा मेळ बसत नाही, असं कंपनीच्या प्रमुखांनी सांगितलं. डब्यातल्या एकाने त्याचं मराठी केलं : "म्हणजे मशीन चांगलं झालं नाही, माणूस जुना झाला." माझं मत असं, की माणूस जुना झाला हे ठरवणाऱ्याने एकदा माझ्याबरोबर घाटकोपरला यावं.

८.४०
घाटकोपर पूर्व, सीएचं ऑफिस. सहा मशीनं, पैकी चार विंडोज १० वर. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला तिचा नेहमीचा आधार काढून घेतला. २०१५ साली ती आली तेव्हा त्यांच्याच एका माणसाने ही शेवटची विंडोज म्हणून सांगितलं होतं. मुंबईत 'शेवटची' म्हणजे शेवटची कर्जत. ती गेली की माणूस प्लॅटफॉर्मवर झोपतो. इथे मात्र सहा वर्षांत मागून अकरा नंबरची आली, आणि तिच्यात चढायला सगळ्यांना परवानगी नाही. टीपीएम नावाची सुरक्षेची चिप हवी, प्रोसेसर इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा हवा. सीएसाहेबांची ही चारही मशीनं सातव्या पिढीची. एकही बंद पडलेलं नाही, एकही हळू चालत नाही. "म्हणजे चालतंय तरी बाद?" ते विचारतात. मी म्हणतो, "साहेब, पुनर्विकासाला निघालेल्या इमारतीसारखं. पडत नाही, पण पाडायचं ठरलंय." हे घाटकोपरमध्ये पटकन कळतं.

या ऑफिसचं खरं हृदय सर्व्हर नाही, एक खण आहे. त्यात अशिलांच्या डिजिटल सहीचे टोकन ठेवलेत. बोटाएवढे, प्रत्येकाला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली, चिठ्ठीवर मालकाचं नाव आणि पासवर्ड. कायद्याने ही सही ज्याची त्यानेच वापरायची. व्यवहारात 'अमुक कंपनीचा डायरेक्टर दे' म्हटलं की आर्टिकलशिप करणारा पोरगा खणातून डायरेक्टर काढून देतो. पुढे ओटीपी लागतो. तो जातो डायरेक्टरच्या मोबाइलवर. डायरेक्टर असतो पालिताण्याला यात्रेत, डोंगर चढत. भारतीय सायबर सुरक्षेची सगळी इमारत एका डोंगराच्या रेंजवर उभी आहे, हे मी रोज बघतो.

१०.३०
मेट्रो. ८ जून २०१४ ला ही सुरू झाली. घाटकोपर ते वर्सोवा, बारा स्टेशनं, सव्वाअकरा किलोमीटरच्या आसपास. त्याआधी मी ३४० नंबरच्या बसने अंधेरीला जायचो, आणि साकीनाक्याला गाडी इतका वेळ उभी राहायची की मांडीवर ठेवून फ्लॉपीतून विंडोज टाकता आली असती. बावीस वर्षांत माझ्या धंद्यासाठी तंत्रज्ञानाने केलेली सगळ्यांत मोठी गोष्ट हीच मेट्रो. हिच्यात एआय असेल तर त्याने तसं बोलून दाखवलेलं नाही, म्हणून आदर वाटतो.

साकीनाका वरून दिसतो तेव्हा दर वेळी २६ जुलै २००५ आठवतो. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस. इथल्या तळमजल्यावरच्या गाळ्यांत सीपीयू जमिनीवर असायचे, टेबलावर जागा नको म्हणून. पाणी ओसरल्यावर मी एक केस उघडली, तर आत मदरबोर्डवर बोटभर गाळ आणि पंख्यात अडकलेली प्लॅस्टिकची पिशवी. तिथे बॅकअप होता. सीडीवर होता, आणि सीडी खालच्या खणात होत्या.

११.१५
अंधेरी, सहार. विमानमालाच्या परिसरातलं क्लिअरिंग एजंटचं ऑफिस. इथला डॉट मॅट्रिक्स प्रिंटर कुरकुरत कार्बनच्या तीन प्रती काढतो, आणि त्याच्यापुढे माझ्या सगळ्या पदव्या व्यर्थ आहेत. तो मुळी बिघडतच नाही.

इथले मॅनेजर कंप्युटरच्या बातम्यांना हसत नाहीत, कारण एक बातमी त्यांच्या अंगावरून गेलेली आहे. २७ जून २०१७. युक्रेनमधल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून नॉटपेट्या नावाची कीड सुटली आणि मर्स्क या जहाज कंपनीत शिरली. उरणजवळच्या जेएनपीटी बंदरातलं एक टर्मिनल त्याच समूहाकडे होतं. तिथलं काम ठप्प. मॅनेजरसाहेब सांगतात, "युक्रेन कुठे आहे हे मला तेव्हा माहीत नव्हतं. माझे कंटेनर मात्र त्याच्यामुळे उभे होते."

मर्स्कने पुढे दहा दिवसांत चार हजार सर्व्हर आणि पंचेचाळीस हजार कंप्युटर नव्याने उभे केले, पण ते कशाच्या जोरावर, हे ऐकण्यासारखं आहे. कोण कर्मचारी, कोणाला कशाची परवानगी, याची वही ठेवणारे त्यांचे सर्व्हर जगभर होते आणि एकमेकांची नक्कल करायचे. त्यामुळे एक गेला तसे सगळे गेले. वाचला फक्त एक, आफ्रिकेतल्या घाना देशातला. कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती. एवढ्या अवाढव्य कंपनीला लोडशेडिंगने वाचवलं. महाराष्ट्रात आपण याच गोष्टीसाठी वर्षानुवर्षं शिव्या दिल्या.

यातला धडा मॅनेजरसाहेबांना पाठ आहे. नक्कल म्हणजे बॅकअप नव्हे. नक्कल चुकीचीही तितक्याच इमानाने होते. त्यांच्या ऑफिसात एक हार्ड डिस्क रोज संध्याकाळी वायर काढून कपाटात जाते. वायर काढणं महत्त्वाचं. तेवढंच घाना.

१.३०
बाहेरच्या बाकावर डबा. मेथीची भाजी, पोळी. दोन फोन : एकाला वायफाय हवंय, दुसऱ्याला 'क्लाउडवर जायचंय'. गेल्या दिवाळीत, २० ऑक्टोबर २०२५ ला, नरकचतुर्दशीच्या दुपारी ॲमेझॉनच्या अमेरिकेतल्या व्हर्जिनियाच्या केंद्रात नावांवरून पत्ते शोधणारी यंत्रणा बिघडली, आणि जगभरातली ॲपं आडवी झाली. मी फराळाला बसलो होतो. चकली तोंडात आणि कानात गिऱ्हाईक : "क्लाउड फुटला का?" क्लाउड म्हणजे आकाशातला ढग नव्हे हो. तो दुसऱ्याचा कंप्युटर. आपल्याकडचा काही क्लाउड तर इथून जवळच चांदिवलीत राहतो, डेटा सेंटरच्या इमारतींत, आणि त्यालाही थंड हवा आणि वीज लागते. जरूर जा, पण भाड्याच्या घरात राहायला गेल्यावर दागिने मालकाच्या कपाटात ठेवू नयेत.

२.३०
अंधेरी एमआयडीसी. सीप्झ १९७३ मध्ये इलेक्ट्रॉनिक्सच्या निर्यातीसाठी इथेच उभं राहिलं. नंतर त्याच्या आतबाहेर सॉफ्टवेअर कंपन्या वाढल्या, आणि अमेरिकेच्या कंप्युटरांतली दोन आकडी वर्षं चार आकडी करणारी पोरं इथे रात्र-रात्र बसली. त्या काचेच्या इमारतींच्या मागच्या गल्लीत माझं गिऱ्हाईक. पितळी नळांच्या सुट्या भागांचा गाळा. हिशेबाचा कंप्युटर एक, तो सांभाळणाऱ्या ताई एक.

आज डिस्क टकटक करत होती. हार्ड डिस्कची टकटक म्हणजे डॉक्टरने चष्मा काढून नातेवाइकांकडे बघणं.

"ताई, बॅकअप आहे ना?"
"रोज घेते, दादा. संध्याकाळी सहाला. एक दिवस चुकलेला नाही."

कपाटातल्या देवाच्या फोटोपुढून त्यांनी पेन ड्राइव्ह आणला. दसऱ्याला त्याला हळदकुंकू लागलेलं, टोपणाच्या खाचेत अजून पिवळं. आठ जीबीचा. मी माझ्या लॅपटॉपला लावला. शेवटची फाइल १७ ऑगस्ट २०२३.

पेन ड्राइव्ह त्या दिवशी भरला होता. त्यानंतर रोज सहा वाजता पडद्यावर एक चौकट यायची : डिस्क फुल. आणि ताई रोज...

"मेसेज यायचा की. इंग्रजीत. खाली लिहिलेलं असायचं ओके. म्हणजे ओकेच ना?"

मी काही बोललो नाही. कारण बोलण्यासारखं ताईंनीच बोलून टाकलं होतं. 'तुमचा हिशेब वाचलेला नाही' असं सांगायचं आणि खाली 'ठीक आहे' असं एकच बटण ठेवायचं, ही कुठल्या शहाण्याची युक्ती? डॉक्टरने 'पेशंट गेला' म्हणावं आणि नातेवाइकांपुढे सही करायला फक्त 'छान' लिहिलेला कागद ठेवावा, तसं हे. विंडोजला मराठी चेहरा देता येतो, खूप वर्षांपासून येतो. मी एकाही ऑफिसात तो पाहिलेला नाही, आणि खरं सांगायचं तर मी स्वतःही कुठे लावून दिलेला नाही.

पुढचे दोन तास डिस्कवरचा डेटा दुसऱ्या डिस्कवर ओढण्यात गेले. एक्केचाळीस टक्क्यांवर आकडा वीस मिनिटं थिजला. शेठ येरझाऱ्या घालत होते. ताईंनी उदबत्ती लावली. मी डिस्कवर टेबल फॅन धरला, हा आमच्या शास्त्रातला उदबत्तीच्याच दर्जाचा उपाय. मग आकडा बेचाळीस झाला. पावणेपाचला हिशेबाचं फोल्डर उघडलं. कालची शेवटची नोंद दिसली तेव्हा ताई खुर्चीत बसल्या आणि पाणी मागितलं.

शेठ ताईंवर ओरडायला लागले. मी थांबवलं. दर तीन महिन्यांनी मी या गाळ्यात येतो. दर वेळी विचारतो, "बॅकअप होतोय ना?" ताई हो म्हणतात आणि मी फॉर्मवर टिक करतो. १७ ऑगस्ट २०२३ नंतर अशा किती टिका माझ्या सहीने झाल्यात. पेन ड्राइव्ह एकदाही उघडून बघितला नाही. ताई रोज ओके दाबत होत्या, मी तीन महिन्यांनी एकदा.

आजचे पैसे घेतले नाहीत. चहा घेतला.

५.४५
बोरिवली, डॉक्टरांचा दवाखाना. प्रिंटर चालत नाही. कागदाच्या ट्रेमध्ये लहान मुलाने क्रेयॉन घातला होता. क्रेयॉन काढला. बिल तीनशे. यावर मत नाही.

७.००
परत. बोरिवली आणि मुलुंड यांच्यामध्ये राष्ट्रीय उद्यान आहे. बिबट्या जंगलातून सरळ मुलुंडला पोचत असेल. मी अंधेरीला उतरून, मेट्रोने घाटकोपर आणि तिथून लोकल. गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याचा बोगदा होतोय, तोवर बिबट्याच पुढे.

उभ्याउभ्या आठवतं, २०२३ मध्ये नारायण मूर्तींनी तरुणांनी आठवड्याला सत्तर तास काम करावं असं सुचवलं, आणि २०२५ च्या जानेवारीत एल अँड टीच्या अध्यक्षांचं नव्वद तासांचं बोलणं गाजलं. घरी बसून बायकोकडे किती वेळ बघत राहणार, असा त्यांचा सवाल होता. साहेब, मुंबईकराला त्याचं उत्तर शोधायची संधीच मिळत नाही. मेट्रोत मी ज्याच्या मानेकडे बघत उभा होतो, तो माझ्या घरातला नव्हता.

९.१५
जिन्यात सोसायटीचे सेक्रेटरीकाका. "आलात? जरा बघता का? दोनच मिनिटं." जुन्या फॉन्टमध्ये केलेली सभेची नोटीस. त्यांच्या कंप्युटरवर मराठी, चेअरमनकडे गेली की अगम्य चिन्हं. युनिकोडमध्ये टाइप केलं की अक्षरं कुठल्याही मशीनवर मराठीच राहतात, हे मी त्यांना चौथ्यांदा समजावलं. कीबोर्ड बदलून दिला. दोन मिनिटांची पन्नास झाली. फी नाही. शेजारधर्माची एएमसी आजन्म असते.

१०.३०
जेवण, बातम्या. कुठे तरी आणखी एक क्रांती झाली आहे. होऊ दे.

तुमच्याकडे दुकान असो, दवाखाना असो की नुसते मुलांचे फोटो, एवढं करा. तीन प्रती ठेवा, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या इमारतीत आणि वायर काढलेली. मग या रविवारी ती प्रत दुसऱ्या कंप्युटरला लावा आणि शेवटच्या फाइलची तारीख वाचा. मलाही बोलावू शकता, पण त्याचे मी पैसे घेईन. आणि पेन ड्राइव्ह उघडून न बघता फॉर्मवर टिक करायला लागलो, तर देऊ नका.