जुना रिमोट रणगाडा खऱ्यासारखा कसा दिसेल? गणित 16 च्या भागाकारात, मदत पितळेची

भंडारा म्हटलं की पितळेची भांडी डोळ्यांसमोर येतात. हेच पितळ एका वेगळ्याच छंदातही हुकमी माल आहे. तो छंद म्हणजे रिमोटवर चालणारे मोठे मॉडेल रणगाडे. जपानच्या तामिया कंपनीने 1974 मध्ये 1/16 प्रमाणातला शर्मन रणगाडा रिमोटवर आणला. हाच शर्मन 1965 च्या युद्धात भारतीय लष्कराकडेही होता. अशी जुनी मॉडेल्स धावतात छान. पण जवळून पाहिलं की खेळणं वाटतात.

असं का वाटतं?

कारण जाडी. खरा शर्मन सुमारे 5.8 मीटर लांब, म्हणजे मॉडेल साधारण 36 सेंटीमीटरचं. लांबी-रुंदीचं प्रमाण बहुतेक बरोबर असतं, गडबड बारीक भागांत होते. प्लास्टिकचं मडगार्ड 2 मिलिमीटर जाड असेल, तर 16 ने गुणा. खऱ्या रणगाड्यावर तो 32 मिलिमीटरचा पत्रा झाला! प्रत्यक्षात मडगार्ड असतं साध्या पातळ पत्र्याचं. फावडं, कुऱ्हाड, पकडायच्या कड्या तर बॉडीतच ओतलेल्या, खाली फटही नाही. सावली पडत नाही आणि डोळा लगेच ओळखतो.

पितळ इथे कामाला येतं. खऱ्या रणगाड्यावरची 16 मिलिमीटरची कडी म्हणजे मॉडेलवर 1 मिलिमीटरची तार. ओतीव कडी धारदार ब्लेडने सोलून काढायची, दोन भोकं पाडायची आणि वाकवलेली तार बसवायची. मडगार्डसाठी 0.2 मिलिमीटरचा पत्रा पुरतो, तो खऱ्यासारखा चेपताही येतो. जोड पक्का हवा तर सोल्डरिंग, म्हणजे आपल्याकडचा डाख. पण तो मॉडेलपासून दूर द्यायचा. सोल्डर वितळायला 180 अंशांहून जास्त उष्णता लागते, प्लास्टिक त्याच्या कितीतरी आधी मऊ पडतं. रंग धरावा म्हणून पितळ आधी चिंचेने घासायचं (घरच्या तांब्यासारखंच), धुवायचं, मग प्रायमर.

टरेट गुळगुळीत का नको?

शर्मनचा टरेट ओतीव पोलादाचा होता, पृष्ठभाग खडबडीत. मॉडेलवर पातळ केलेली पुट्टी लावायची आणि ओली असतानाच जाड केसांच्या ब्रशने ठोके द्यायचे. वाळल्यावर हलका पॉलिश पेपर, तोंडाला मास्क लावूनच. ठोके जोरात पडले तर टरेट संत्र्याच्या सालीसारखा दिसतो. नवख्यांचा हात इथेच जास्त चुकतो.

खरे जुने रणगाडे जवळून पाहायचे तर अहिल्यानगरचं कॅव्हलरी टँक म्युझियम आहे, 1994 मध्ये सुरू झालेलं. वेल्डिंगची रेघ किती रुंद आणि ओतीव पोलाद किती खडबडीत, हे फोटोपेक्षा तिथे नीट कळतं.

ब्लेड लावण्याआधी मात्र थांबा. सोललेली ओतीव कडी परत येत नाही. पेटीसकट सुस्थितीत असलेल्या जुन्या मॉडेलला संग्राहक मूळ रूपातच मान देतात. त्याला हात न लावलेलाच बरा. कपाटावर पडलेलं, तुटकं मॉडेल या कामाला उत्तम.

वजन वाढवावं का?

खरा शर्मन सुमारे 30 टनांचा. लांबी 16 ने भागली की वजन 16 च्या घनाने, म्हणजे 4,096 ने भागायचं. उत्तर येतं सव्वासात किलो. प्लास्टिकचं मॉडेल बरंच हलकं, म्हणून ते खड्ड्यावर उड्या मारतं. धातूचे पट्टे घातले की चाल भारदस्त होते. पण तो भार जुन्या प्लास्टिकच्या गिअरवर येतो आणि दाते झिजतात. आधी गिअरबॉक्स, मग पट्टे.

बॅटरीतही घाई नको. जुन्या निकेल बॅटरीच्या चार्जरवर लिथियम बॅटरी लावणं म्हणजे आगीला आमंत्रण. चार्जर बॅटरीसोबतच बदलायचा.

जुन्या 27 मेगाहर्ट्झच्या सेटची लांब अँटेनाही दिसायला खटकते. 2.4 गिगाहर्ट्झचा रिसीव्हर बसवला तर काही सेंटीमीटरची तार बॉडीच्या आत मावते. ती नव्या पितळी पत्र्याखाली दाबू नका, सिग्नल अडतो. तार प्लास्टिकच्या बाजूला चिकटवा, आधी अंगणात चालवून पाहा आणि रंग त्यानंतर द्या.