बोंडअळीची पंधरा वर्षे

मार्च २००२ मध्ये बीटी कापसाला सरकारी परवानगी मिळाली आणि काही वर्षांतच जालन्याच्या महिकोचं हे वाण मराठवाडाभर पसरलं. बालाघाटाच्या माथ्यावरचा, मांजरेच्या उगमाचा पाटोदा तालुका. जमीन हलकी, पाऊस लहरी. बोंडअळीवर फवारण्या करून दमलेल्या इथल्या कोरडवाहू शेतकऱ्याला अळी मारणारं विष अंगातच घेऊन वाढणारी पऱ्हाटी हवीच होती. २००६ मध्ये दोन विषांचं बोलगार्ड-२ आलं. फवारे कमी झाले.

मार्च २०१० मध्ये बीटीचं तंत्रज्ञान देणाऱ्या मोन्सँटो कंपनीनेच कबूल केलं, की गुजरातच्या अमरेली, भावनगर, जुनागढ आणि राजकोट जिल्ह्यांत गुलाबी बोंडअळी पहिल्या विषाला जुमानत नाही. दुसरं विषही फार काळ टिकलं नाही. २०१७ च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात फुलांच्या डोमकळ्या झाल्या, बोंडं किडली, वेचणीला कवडी आली.

अळीला बीटीची सवय झाली, असं पारावर अजूनही म्हणतात. खरं तर एकाही अळीला सवय झाली नाही. बीटीचं पहिलं विष अळीच्या आतड्यातल्या कॅडहेरिन नावाच्या प्रथिनाला चिकटतं, मगच मारतं. हे प्रथिन घडवणाऱ्या जनुकात एखाद्या अळीत जन्मतःच बारीकसा बिघाड असतो आणि विषाला चिकटायला जागाच उरत नाही. एरवी हा बिघाड लाखोंच्या गर्दीत हरवून गेला असता. बीटीने बाकीच्यांना मारलं, वाचल्या त्यांचीच पिलावळ वाढली. महिना-सव्वा महिन्याला एक पिढी. त्यात फरदड फेब्रुवारी-मार्चपर्यंत उभी ठेवली की आणखी एक-दोन पिढ्यांची सोय. बदललं ते कळपातलं प्रमाण.

यावर तोड होती. हा बिघाड आई आणि बाप दोघांकडून आला तरच अळी तगते. म्हणून बांधाकडेने साधी कपाशी लावायची; तिथल्या पतंगांशी संकर झाला की पिल्लं पुन्हा बीटीने मरतात. त्यासाठी पाकिटासोबत १२० ग्रॅम साधी सरकी यायची. बहुतेकांनी ती पेरलीच नाही. सगळा दोष शेतकऱ्याच्या माथी मारणं मला पटत नाही. दोन एकरवाल्याने अळीसाठी रान सोडावं, ही अपेक्षाच कागदी होती. शिवाय आपल्याकडचं बीटी संकरित. त्याच्या एकाच बोंडात विषाच्या आणि बिनविषाच्या सरक्या शेजारी शेजारी असतात, म्हणजे अर्धवट प्रतिकाराच्या अळ्यांनाही जगायला वाव. अमेरिकेत सरळ वाणं होती, साध्या कपाशीचा नियम पाळला गेला, वर नपुंसक पतंग सोडले. २०१८ मध्ये तिथे गुलाबी बोंडअळीचं उच्चाटन जाहीर झालं.

हिरवी बोंडअळी मात्र आपल्याकडेही बोलगार्ड-२ ला अजून बऱ्याच अंशी बळी पडते. गुलाबी अळी जवळपास फक्त कपाशीवर जगते; हिरवीला तूर चालते, हरभरा चालतो. त्या रानांतून बीटी न चाखलेले पतंग दरवर्षी कपाशीवर येतात आणि संकर होत राहतो.