वेल आणि वेळ : घरच्या बागेतला मोगरा, जाई, जुई आणि त्यांच्या सख्या

मराठी अंगणातल्या मोगरा, जाई, जुई आणि कुंद या चारही वेली जॅस्मिनम या एकाच प्रजातीच्या आहेत. या प्रजातीत सुमारे दोनशे जाती मोडतात. तिचे कूळ ऑलिव्हचे असून पारिजातकही त्याच कुळातला. पांढरा रंग, देठाकडची अरुंद नळी आणि दिवस कलल्यावर उमलणे या तीन गोष्टी चौघांतही थोड्याफार फरकाने दिसतात आणि तिन्हींचे कारण एकच आहे. ही फुले प्रामुख्याने रात्री उडणाऱ्या पतंगांसाठी फुलतात. अंधारात लाल-निळ्या रंगांचा उपयोग नसतो, पांढरा तेवढा उठून दिसतो, आणि त्याहून लांबवर पोचतो तो वास. म्हणून या वेली दिवसभर मुक्या असतात आणि दिवेलागणीला बोलू लागतात. त्यांची लागवड करताना जागा, छाटणी, पाणी, तोडणी यांचा विचार या वेळेच्या हिशेबाने केला, तर बरेच प्रश्न मुळातच उरत नाहीत.

नावांचा घोळ मात्र जुना आहे. एका गावची जाई दुसऱ्या गावी चमेली होते, आणि संस्कृतातल्या नवमालिकेवरून आलेले नेवाळी हे नाव ठिकठिकाणी वेगवेगळ्या वेलींना लावले जाते. रोपवाटिकेतल्या चिठ्ठीवर विसंबण्यापेक्षा पान पाहावे. मोगऱ्याचे पान साधे, अखंड आणि तुकतुकीत असते. ते समोरासमोर, कधी तिघांच्या चक्रात येते. जाईचे पान संयुक्त, पाच ते नऊ पर्णिकांचे, आणि कळीच्या बाहेरच्या बाजूला गुलाबी छटा. ही छटा दिसली की शंका राहत नाही. जुईच्या पानात एक मोठी पर्णिका आणि तिच्या देठाशी कानाच्या पाळीसारख्या दोन अगदी चिमुकल्या. तिच्या शास्त्रीय नावातल्या ‘ऑरिक्युलेटम’चा अर्थच ‘कान असलेली’ असा आहे. कुंदाचे पान साधे पण लवदार, फुलाखालचा निदलपुंज सुईसारख्या केसाळ टोकांचा. सह्याद्रीत हिंडणाऱ्यांना ओळखीची असलेली कुसर हीसुद्धा जॅस्मिनमच. चैत्र-वैशाखात ऐन उन्हात जंगलाच्या कडेची झुडपे तिच्या पांढऱ्या चांदण्यांनी भरून जातात. घराशी थोडी मोकळी जागा असेल, तर या रानच्या बहिणीला आवर्जून स्थान द्यावे.

मोगऱ्याच्या शास्त्रीय नावाचा प्रवास लक्षात ठेवण्याजोगा आहे. लिनियसने १७५३ मध्ये त्याला पारिजातकाच्या निक्टँथिस म्हणजे ‘रात्रीचे फूल’ या प्रजातीत बसवले होते. विल्यम एटनने १७८९ मध्ये त्याला जॅस्मिनममध्ये आणले आणि ‘जॅस्मिनम सँबॅक’ हे आजचे नाव रूढ झाले. सँबॅक हा शब्द अरबी ‘झंबक’वरून आलेला. फुलाचा प्रवास नावापेक्षा लांबचा आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस टस्कनीचा ग्रँड ड्यूक कोसिमो तिसरा याने गोव्याहून भरगच्च पाकळ्यांचा मोगरा मिळवला आणि फ्लॉरेन्सजवळच्या कास्तेल्लो येथील बागेत तो जिवापाड जपला. गुलाबासारख्या गच्च पाकळ्यांच्या त्या वाणाला जगभर आजही ‘ग्रँड ड्यूक ऑफ टस्कनी’ म्हणतात. इटालियन भाषेत या फुलाला ‘मुगेरीनो’ हा शब्द आहे. पोर्तुगिजांनी गोव्यात ऐकलेला मोगरा ‘मोगारीं’ होऊन तिकडे गेला, त्याची ही खूण. फिलिपीन्सने १९३४ मध्ये हेच फूल आपले राष्ट्रीय फूल म्हणून निवडले.

मोगरा झुडूप की वेल, हा प्रश्न अनेकदा विचारला जातो. स्वभावाने तो पसरणारा झुडुपी वेल आहे. छाटत राहिले तर कंबरेएवढे झुडूप होते, आधार देऊन मोकळा सोडला तर चढतो. ज्ञानेश्वरांच्या प्रसिद्ध विराणीतले दारचे रोप वेल होऊन आभाळाकडे जाते. त्या रूपकाखाली वनस्पतीचे खरे निरीक्षण आहे. बाजारात बटमोगरा, मदनबाण, वेलमोगरा अशी नावे चालतात. बटमोगऱ्याचे फूल गच्च आणि फुगीर, मदनबाणाची कळी लांबट आणि टोकदार. गजऱ्यासाठी लांब नळीची कळी ओवायला सोपी जाते. देवापुढच्या तबकात बटमोगरा शोभतो, पण एका रोपावर त्याची फुले कमी येतात, हे घेतानाच ठाऊक असावे.

वास येतो कुठून, हेही समजून घेण्यासारखे आहे. बेंझिल अ‍ॅसिटेट आणि लिनालूल ही द्रव्ये गोडवा देतात. त्यांच्याबरोबर इंडोल नावाचे एक द्रव्य असते. ते एकटे आणि जास्त प्रमाणात असेल तर दुर्गंधी वाटते, पण अंशमात्र मिसळले की त्या गोडव्याला जडपणा आणि खोली येते. बंद खोलीत मोगऱ्याचा ढीग असला की काहींचे डोके दुखते, त्यात या जडपणाचाच वाटा असावा. १९६२ मध्ये जाईच्या अर्कातून मिथाइल जॅस्मोनेट हे द्रव्य वेगळे केले गेले. त्याच्या कुळातली द्रव्ये अनेक वनस्पतींत, कीड पाने कुरतडू लागली की बचावाची हाक म्हणून काम करतात, हे पुढे उलगडले. माळीकामाला सर्वांत उपयोगी गोष्ट अशी की, खुडल्यानंतरही या फुलांतून वास तयार होत राहतो. म्हणूनच फ्रान्समधल्या ग्रास येथे जाईची ताजी फुले चरबीच्या थरावर पसरून वास शोषून घेत, आणि उत्तर भारतात तिळांच्या थरांत चमेली दाबून सुगंधी तेल काढत. सकाळी खुडलेली मिटली कळी संध्याकाळी गजऱ्यात उमलते, त्यामागेही हेच आहे.

आता लागवड. या सगळ्या वेलींची पहिली मागणी उन्हाची आहे. मोगऱ्याला दिवसातून सहा तास थेट ऊन हवेच. फुले येत नाहीत या तक्रारीच्या मुळाशी बहुतेक वेळा सावली असते, आणि माणसे मात्र खत वाढवत राहतात. नत्र जास्त झाले की पाने गर्द होतात, कळ्या येत नाहीत. दुसरी मागणी निचऱ्याची. पोयट्याची माती, चांगले कुजलेले शेणखत आणि थोडी वाळू असे मिश्रण ठेवावे. खड्डा हातभर खोल आणि तेवढाच रुंद पुरतो. गच्चीत किंवा सज्जात बारा ते चौदा इंची कुंडी मोगऱ्याला चालते, पण तळाचे भोक बुजलेले नाही याची खात्री करावी. देशावरच्या चुनखडीच्या जमिनीत कोवळी पाने पिवळी पडतात आणि शिरा हिरव्या राहतात. ही लोहाची उणीव आहे. जमिनीत लोह असते, पण चुन्यामुळे मुळांना ते उचलता येत नाही. एका लिटर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस विरघळवून महिन्याच्या अंतराने पानांवर फवारल्यास रंग परततो.

घरच्या मोगऱ्याला सहसा बी धरत नाही, म्हणून रोप करायचे ते फांदीपासूनच. पावसाळ्याच्या तोंडाशी तीन-चार डोळ्यांची छाट लावता येते. घरच्या माणसाला त्याहून खात्रीचे आहे ते दाब कलम. जमिनीलगतची फांदी वाकवावी, पेराखाली सालीला तिरपा छेद द्यावा, तो भाग मातीत दाबून वर दगड ठेवावा. तीन-चार महिन्यांत मुळे फुटतात, मग आईपासून वेगळे करावे. शेजारणीच्या वेलीचे रोप आपल्या अंगणात येते ते पिढ्यान्‌पिढ्या याच वाटेने.

छाटणीविषयी मात्र हात आखडता घेऊ नये. मोगऱ्याची कळी नव्या फुटव्यावर येते. जुन्या काष्ठावर ती येत नाही. नोव्हेंबरच्या अखेरीस पाणी तोडून रोपाला ताण द्यावा, पाने गळू लागली की जमिनीपासून हात-दीड हातावर छाटावे, उरलेली पाने काढावीत, मग आळे खणून शेणखत आणि निंबोळी पेंड द्यावी आणि पाणी सुरू करावे. फेब्रुवारी-मार्चपासून बहर सुरू होतो आणि ऐन उन्हाळ्यात भरात असतो. एक बहर ओसरला की फुले झडलेली टोके दोन-तीन पेरांनी खुडावीत. नवा फुटवा पुढच्या कळ्या घेऊन येतो. जाईची छाटणी डिसेंबर-जानेवारीत आणि जुईची जानेवारीत, कमरेच्या उंचीला. या दोघींचा जोर पावसाळ्यात असतो, जाई तर शरद ऋतूपर्यंत फुलते. कुंद हिवाळ्याचा, म्हणून त्याची छाटणी बहर संपल्यावर, फाल्गुन-चैत्रात. डिसेंबरात मोगऱ्याबरोबर कुंदही छाटून टाकणारे अनेक जण आहेत; त्यांची त्या वर्षीची फुले त्या कात्रीत जातात.

आधाराचा विचार प्रत्येक वेलीच्या चढण्याच्या रीतीवरून करावा. जाई आणि जुई यांना ताणे नसतात, भिंतीला चिकटणारी मुळेही नसतात. त्या अंग टाकून वाढतात, त्यामुळे मांडव, जाळी किंवा तार देऊन मऊ सुताने बांधाव्या लागतात. मधुमालतीची पाने गळल्यावर देठाचा बुडखा काट्यासारखा मागे उरतो आणि त्याच्या आधाराने ती शेजारच्या फांदीत अडकत वर जाते. हिरवा चाफा सीताफळाच्या कुळातला; त्याच्या फुलाचा दांडा आकड्यासारखा वळलेला असतो आणि त्याच आकड्याने तो फांदी पकडतो. त्याचे फूल आधी पानाच्याच रंगाचे असल्यामुळे दिसत नाही. पिवळट होऊन पिकल्यावर वास दरवळतो आणि मग झाडात त्याची शोधाशोध सुरू होते. कालिदासाच्या शकुंतलेने ‘वनज्योत्स्ना’ असे नाव दिलेली नवमालिका आंब्याला बिलगलेली आहे. झाडावर वेल चढवण्याची ती रीत आजही उत्तम, फक्त झाड मोठे आणि वेल हलकी असावी.

माधवी म्हणजेच हळदवेल हलकी मुळीच नाही. ती आपल्याकडच्या जंगलातली दणकट महालता आहे. माघ-फाल्गुनात झालरीदार पांढऱ्या पाकळ्या, त्यांतल्या एकीवर पिवळा डाग, आणि नंतर तीन पंखांची फळे, जी वाऱ्यावर भिंगरीसारखी फिरत खाली येतात. तिच्यासाठी पक्का मांडव किंवा कुंपणाची लांब भिंत हवी, कुंडीत लावून तिचे हाल करू नयेत. मधुमालती हिच्याहून वेगळी, जरी नावे सारखी असल्याने रोपवाटिकांत गल्लत होते. तिचे फूल संध्याकाळी पांढरे उमलते, दुसऱ्या दिवशी गुलाबी होते, मग लाल. पहिल्या रात्री लांब सोंडेचे पतंग येतात, रंग चढल्यावर दिवसा मधमाश्या आणि पक्षी. वेळेनुसार पाहुणे बदलणारे हे फूल मुलांना दाखवावे असे आहे.

रातराणी या मंडळींत बाहेरून आलेली. ती मोगऱ्याच्या नव्हे, वांगी-मिरचीच्या कुळातली. मूळ वेस्ट इंडीज आणि मध्य अमेरिकेकडची. तिची पांढरी फळे विषारी असतात, त्यामुळे लहान मुले आणि गुरे असलेल्या घरी फुले झडताच ते शेंडे छाटून टाकावेत. रातराणीच्या वासाला साप येतो ही समजूत घट्ट आहे. साप फुलाच्या वासासाठी येत नाही; कोणतेही दाट, बुडाशी पाचोळा साचलेले झुडूप उंदीर-बेडकांना आसरा देते आणि साप त्यांच्या मागे येतो. बुंधा मोकळा ठेवला, पाचोळा काढला, की भीतीचे कारण कमी होते.

जागा निवडताना वारा पाहावा, हे फार थोडे लोक करतात. कोकणात आणि गोव्यात पावसाळा सोडला तर दिवसा वारा समुद्राकडून येतो आणि रात्री जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. म्हणजे रात्री फुलणारी वेल घराच्या पूर्वेला असेल, तर तिचा वास घरात येईल. पश्चिमेला लावली तर तो समुद्राला मिळेल. रातराणी निजायच्या खिडकीला टेकवू नये, पाच-सहा हात दूर ठेवावी.

कीड फारशी नसते, पण दोन गोष्टी नेमक्या ओळखाव्यात. कळी जांभळट पडून भोक दिसले की आत कळी पोखरणारी अळी आहे. अशा कळ्या रोजच्या रोज खुडून नष्ट कराव्यात, रोपाभोवतीची माती हलवावी, निंबोळी अर्क फवारावा. जुईच्या पानांवर पांढरी लोकरीसारखी लव आली तर ती बुरशी नव्हे, डोळ्यांना न दिसणाऱ्या कोळ्यांचे काम आहे. तेवढा भाग छाटून जाळणे हाच घरगुती उपाय. उन्हाळ्यात लाल कोळी वाढतात, त्यांना पानांच्या खालून जोरात पाणी मारलेले आवडत नाही.

घरची चार रोपे आणि बाजार यांत फार अंतर नाही. पालघर जिल्ह्यात जव्हार आणि विक्रमगड भागांत आदिवासी शेतकरी मोगरा लावतात, आणि वसईची फुले लोकलने दादरच्या फूलबाजारात पोचण्याची रीत जुनी आहे. कर्नाटकातल्या उडुपीजवळच्या शंकरपुरात तर परसातल्या मोगऱ्यावर घरखर्चाला हातभार लागतो. त्या उडुपी मल्लिगेला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे.

गजऱ्यासाठी मोगऱ्याची पांढरी, पूर्ण वाढलेली पण मिटलेली कळी सकाळी खुडावी. हिरवट कळी नंतर उमलत नाही. कळ्या ओल्या फडक्यात किंवा केळीच्या पानात गुंडाळून सावलीत ठेवाव्यात, प्लास्टिकच्या पिशवीत घाम सुटून त्या काळवंडतात. ओवायला सुताऐवजी केळीच्या सोपाचा ओला धागा घेतला, तर गजरा जास्त वेळ टवटवीत राहतो. जाई-जुई रात्रीच उमलतात आणि ऊन चढताच मलूल होतात, त्यामुळे पूजेची परडी सूर्योदयाआधी भरावी. औषध न फवारलेल्या रोपाची चार-दोन धुतलेली फुले उन्हाळ्यात पिण्याच्या माठात सोडण्याची पद्धत अनेक घरांत आहे. ती रात्री टाकावीत आणि सकाळी, फुले तपकिरी पडायच्या आत काढावीत.