परतीच्या तिकिटाचं विज्ञान

१९५१ साली अब्दुस सलाम केंब्रिजहून लाहोरला परतले तेव्हा ते जेमतेम पंचवीस वर्षांचे होते. क्वांटम क्षेत्र सिद्धांतातल्या एका अवघड प्रश्नावर त्यांनी केलेलं काम युरोप-अमेरिकेतल्या भल्याभल्यांच्या वाचनात आलं होतं. लाहोरात गव्हर्न्मेंट कॉलेजची प्राध्यापकी मिळाली, पंजाब विद्यापीठाच्या गणित विभागाचं प्रमुखपद मिळालं. पण त्यांच्या विषयावर दोन वाक्यं बोलता येतील असं माणूस आसपास नव्हतं. शिकवण्याखेरीज आणखी एखादं काम पत्करा असं कॉलेजनं सांगितलं, तेव्हा त्यांनी फुटबॉल संघाची देखरेख घेतली. त्याच काळात नोबेलविजेते व्होल्फगांग पाउली मुंबईत आले होते. सलाम यांनी तडक मुंबई गाठली आणि त्यांची भेट घेतली. परतल्यावर पुढ्यात आला तो परवानगीविना गैरहजर राहिल्याचा ठपका! अखेर ते दिवस बिनपगारी रजेत जमा झाले. १९५४ साली सलाम पुन्हा केंब्रिजला निघून गेले.

अशा निघून जाण्याला आपण ‘ब्रेन ड्रेन’ म्हणतो, हळहळतो आणि सोडून देतो. सलाम यांनी मात्र त्याचं कारण शोधलं. माणूस देश सोडतो तो नेहमी पगारासाठीच सोडतो असं नाही. सैद्धांतिक भौतिकशास्त्राला प्रयोगशाळा लागत नाही. कागद, पेन्सिल, फळा आणि बोलायला जाणकार माणसं एवढ्यावर ते चालतं. पहिल्या तीन वस्तू लाहोरातही होत्या, चौथी नव्हती. त्या काळी नवी कल्पना नियतकालिकात छापून येण्याच्या कितीतरी आधी चर्चांतून आणि हातोहात फिरणाऱ्या टंकलिखित प्रतींतून पसरायची. छापील अंक समुद्रमार्गे दूरच्या देशात पोहोचेपर्यंत विषय पुढे सरकलेला असायचा. म्हणजे बुद्धी शाबूत असतानाही केवळ एकटेपणानं संशोधक दोन-चार वर्षांत मागे पडू शकत होता. आजार एकटेपणाचा असेल, तर औषधही सोबतीचंच हवं, हा सलाम यांचा निष्कर्ष.

हे औषध त्यांनी कसं तयार केलं, ते पाहताना मी दरवेळी थक्क होतो.

१९६० साली व्हिएन्नात आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेची परिषद भरली होती. तिथे पाकिस्तानचे प्रतिनिधी म्हणून सलाम यांनी सैद्धांतिक भौतिकशास्त्राचं एक आंतरराष्ट्रीय केंद्र काढावं, अशी कल्पना मांडली. सगळ्या देशांचं असं केंद्र, जिथे गरीब देशांतले संशोधक येतील, काम करतील आणि परत जातील. श्रीमंत देशांकडून विरोध झाला. सैद्धांतिक भौतिकशास्त्र म्हणजे विज्ञानातली रोल्स-रॉइस, आणि या देशांना तर बैलगाडी पुरे, अशा अर्थाचं एका प्रतिनिधीचं बोलणं सलाम पुढे अनेकदा सांगत. तरी ठराव टिकला. १९६३ साली केंद्राला मंजुरी मिळाली, पण संस्थेनं देऊ केलेली रक्कम अगदी तुटपुंजी होती. पैसा आणि जागा देणारा यजमान देश शोधायचा होता.

इथे त्रिएस्ते शहर पुढे आलं. इटलीच्या ईशान्य टोकाला एड्रियाटिक समुद्रावर वसलेलं हे बंदर एकेकाळी ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्याचं समुद्राकडचं दार होतं. दुसऱ्या महायुद्धानंतर काही वर्षं ते कुणाच्याच देशात नव्हतं, आणि १९५४ साली इटलीकडे आलं तेव्हा पलीकडे लगेच युगोस्लाव्हियाची सीमा होती. मागचा मुलूख हरवलेल्या या शहराला नवं काम हवं होतं. त्रिएस्ते विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ पाओलो बुदिनिच यांनी सलाम यांची कल्पना उचलली आणि इटली सरकारपर्यंत नेऊन तडीस लावली. ऑक्टोबर १९६४ मध्ये शहरातल्या एका इमारतीत काम सुरू झालं. पुढे मिरामारे किल्ल्याच्या बागेलगत, समुद्राच्या काठाला केंद्राची स्वतःची वास्तू उभी राहिली. केंद्राच्या खर्चातला सर्वांत मोठा वाटा आजही इटली उचलते. इंग्रजी आद्याक्षरांवरून सारं जग त्याला आयसीटीपी म्हणतं.

आता या केंद्राच्या गाभ्यातली यंत्रणा पाहू. तिचं नाव ‘असोसिएट’ योजना, आपण सहयोगी म्हणू. विकसनशील देशात नोकरी करणाऱ्या संशोधकाची काही वर्षांसाठी निवड होते. त्या मुदतीत तो ठरावीक वेळा त्रिएस्तेला येऊ शकतो. नियमित सहयोग्याच्या बाबतीत सहा वर्षांत तीन भेटी. जाण्या-येण्याचं भाडं केंद्राचं, राहण्याची सोय केंद्राची, रोजच्या खर्चाला भत्ता केंद्राचा. कोणत्या प्रश्नावर काम करायचं ते संशोधकानं ठरवायचं, केव्हा यायचं तेही त्यानंच. सुरुवातीच्या काळात तर येणार असल्याचं पत्र टाकलं की पुरे.

अट एकच : कायमचं काम स्वतःच्या देशातच चालू असलं पाहिजे.

या अटीत सगळी किमया आहे. एरवीची शिष्यवृत्ती हुशार माणसाला उचलून परदेशी नेते आणि बऱ्याचदा तो तिकडचाच होतो. इथे तुम्ही मायदेशी राहून काम करता म्हणूनच तुम्हाला बोलावलं जातं. देश सोडलात तर हक्कही संपला. परतीचं तिकीट या योजनेचा कणाच आहे. अनेक वर्षांची मुदत आणि एकाहून अधिक भेटी यांनाही अर्थ आहे. एकदाच येऊन गेलेला पाहुणा आठवणी घेऊन जातो. पुन्हा येणार हे ठाऊक असलेला माणूस अर्धवट राहिलेलं गणित बरोबर नेतो, घरी ते पुढे सरकवतो, आपल्या विद्यार्थ्यांना त्यात ओढतो आणि पुढच्या खेपेला नवे प्रश्न घेऊन येतो. रक्कम पाहिली तर विमानाचं भाडं आणि काही आठवड्यांचा मुक्काम. एवढ्याशा खर्चात एका विद्यापीठातला एक अख्खा विभाग जिवंत राहू शकतो. अशी सोय तेव्हा असती तर आपण लाहोर सोडलंच नसतं, असं सलाम सांगत.

पाहुण्या संशोधकाला पैशाइतकीच गरज असते ती वेळेवर हाताशी येणाऱ्या साध्या गोष्टींची. व्हिसासाठी नेमक्या शब्दांतलं निमंत्रणपत्र, परक्या देशातली राहण्याची परवानगी, आरोग्य विमा, पहिल्या रात्रीची खोली, ग्रंथालयाची किल्ली, बसायला टेबल. यातलं एक जरी अडलं तरी महिनाभराच्या भेटीतला आठवडा कचेऱ्यांत जातो. त्रिएस्तेच्या केंद्राची स्वतःची अतिथिगृहं आहेत, मेरी क्युरींच्या नावाचं ग्रंथालय आहे, आणि जेवणघर तर आहेच. तिथे नायजेरियाचा, पेरूचा आणि व्हिएतनामचा संशोधक एकाच टेबलावर बसतो. कितीतरी शोधनिबंधांची सुरुवात जेवतानाच्या गप्पांतून होते, हे कोणताही सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ सांगेल.

अणुऊर्जा संस्थेमुळे लाभलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या छत्राचाही मोठा उपयोग झाला. शीतयुद्धाच्या ऐन भरात, १९६५-६६ मध्ये, सोव्हिएत संघाचे रोआल्ड सागदेयेव आणि अमेरिकेचे मार्शल रोझेनब्लुथ हे प्लाझ्मा भौतिकशास्त्रातले दोन अव्वल शास्त्रज्ञ त्रिएस्तेत जवळजवळ वर्षभर एकत्र काम करत होते. ज्यांच्या देशांनी एकमेकांवर अण्वस्त्रं रोखलेली होती, ते दोघं प्लाझ्मातल्या अस्थिरता समजून घेत होते आणि आजूबाजूला गरीब देशांतले तरुण हे काम जवळून पाहत होते. एका राष्ट्राच्या विद्यापीठाला हे सहज जमलं नसतं.

१९७० साली युनेस्को केंद्राची बरोबरीची भागीदार झाली. १९७९ साली सलाम यांना शेल्डन ग्लॅशो आणि स्टीव्हन वाइनबर्ग यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळालं. १९९१ साली केंद्रानं पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी वर्षभराचा डिप्लोमा सुरू केला. चांगल्या पीएच.डी. कार्यक्रमात शिरण्याआधी लागणारी तयारी ज्यांच्या देशात होऊ शकत नाही, अशा मुलामुलींसाठी तो आहे. १९९६ साली सलाम वारले आणि पुढच्या वर्षी केंद्राला त्यांचं नाव देण्यात आलं. आज गणित, हवामान, भूकंपशास्त्र, जीवशास्त्रातले संख्यात्मक प्रश्न असे विषयही तिथे आहेत आणि दरवर्षी हजारो संशोधक येऊन जातात.

मराठी वाचकाला आनंद व्हावा अशी गोष्ट म्हणजे २०१९ पासून या केंद्राच्या संचालकपदी अतीश दाभोळकर आहेत. ते मूळचे कोल्हापूरचे, ‘प्रयोग परिवार’ उभारणाऱ्या श्रीपाद दाभोळकरांचे चिरंजीव, डॉ. नरेंद्र दाभोळकरांचे पुतणे. स्ट्रिंग सिद्धांत आणि कृष्णविवरं हे त्यांचे विषय. द्राक्षबागायतदारांना आपल्याच मळ्यात प्रयोग करायला आणि ते ज्ञान एकमेकांना द्यायला शिकवणाऱ्या वडिलांचा मुलगा ज्ञानाच्याच देवाणघेवाणीसाठी जन्मलेल्या संस्थेचा कारभार पाहतो आहे.

आणखी एक धागा पुण्यात सापडतो. १९८८ साली विद्यापीठ अनुदान आयोगानं खगोलशास्त्रासाठी आयुका स्थापन केली आणि जयंत नारळीकर तिचे संस्थापक-संचालक झाले. देशभरातल्या विद्यापीठांतल्या आणि महाविद्यालयांतल्या अध्यापकांना आयुका सहयोगी म्हणून नेमते. ते आपल्या गावी शिकवतात आणि सवडीनं पुण्याला येऊन काम करतात. प्रवास आणि मुक्काम आयुकाकडे. त्रिएस्तेच्या योजनेशी तिचं नातं उघड आहे. लाहोरच्या प्राध्यापकाला जे एकटेपण जाणवलं तेच आडगावच्या महाविद्यालयातल्या भौतिकशास्त्राच्या शिक्षकालाही जाणवतं. त्याच्यासाठी पुणे म्हणजेच त्रिएस्ते.

परदेशी पाहुणा संशोधक बोलावणं हा विद्यापीठाच्या लौकिकावरचा खर्च आहे, असं आपल्याकडे अनेकांना वाटतं. त्रिएस्तेचा साठ वर्षांचा अनुभव त्यापुढचं सांगतो. पाहुण्यावरचा पैसा तो कुठे परततो आणि परतल्यावर त्याच्या हातून काय उभं राहतं, यावरून मोजावा. आणि त्याला दिलेली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे विषय निवडण्याचं व वेळ ठरवण्याचं स्वातंत्र्य. तिला तर पैसेही लागत नाहीत.

म्हणून दोघांना एक विनंती. तुम्ही गणित किंवा भौतिकशास्त्र शिकवत असाल, संशोधनाची उमेद शिल्लक असेल आणि आसपास बोलायला कुणी नसेल, तर त्रिएस्तेच्या आणि आयुकाच्या सहयोगी योजनांची माहिती काढा आणि अर्ज करा. त्या तुमच्यासारख्यांसाठीच आखलेल्या आहेत. आणि तुम्ही प्राचार्य किंवा विभागप्रमुख असाल आणि असा एखादा अर्ज तुमच्या टेबलावर आला, तर त्याच दिवशी रजा मंजूर करा.