कबुतरांचा शौक : दाणा, जागा आणि धूळ

कापड विकणाऱ्या माणसाने कबुतरांवर लिहावे, आणि तेही व्यापाराच्या पानावर, याचे वाचक बंधूंना नवल वाटेल. पण आमच्या नेर परसोपंतमध्ये हा शौक जुना आहे. दुकान वाढवून शिंपी, सुतार, किराणावाले संध्याकाळी गच्चीवर चढतात आणि शिट्टी वाजवतात. अब्बांच्या काळापासून आमच्याही घरी ढाबळी होती. या शौकात पैसा जातो, जागा जाते, आणि बेफिकिरी केली तर त्याहून मोठी गोष्ट जाते. आमची काय गेली, ते पुढे येईलच.

शौक बादशाही खरा. अबुल फजलने आईन-ए-अकबरीत दरबारच्या वीस हजारांवर कबुतरांची नोंद केली आहे; अकबर या खेळाला इश्कबाजी म्हणत असे. पण बादशहाकडे झाडायला नोकर होते. आपल्याकडे झाडू आपल्याच हातात येतो.

पहिली चूक खरेदीत होते. आम्ही एकदा अमरावतीहून लक्का आणि गिरेबाजच्या पाच जोड्या आणल्या. चार दिवस कोंडून पाचव्या दिवशी सोडल्या. लक्का जड पिसाऱ्याचा, तो राहिला. गिरेबाज एक चक्कर मारून जे गेले, ते विकणाऱ्याच्याच छपरावर उतरले. माल परत दुकानदाराकडे आणि पैसाही त्याच्याकडे! कबुतर आपले पहिले घर विसरत नाही. म्हणून मोठी कबुतरे आणली तर त्यांना कोंडूनच ठेवावे, त्यांची पिल्ले आपल्या ढाबळीत वाढू द्यावीत आणि उडवायची ती पिल्लेच. नवा पक्षी महिनाभर वेगळा ठेवणेही जरूर आहे. घशात दह्यासारखा पिवळा थर किंवा मान वाकडी होण्याचा रोग एका पक्ष्याबरोबर येतो आणि सगळी ढाबळी रिकामी करतो. रानातले हरियल मात्र कोणी कितीही स्वस्त देऊ केले तरी घेऊ नये. तो महाराष्ट्राचा राज्यपक्षी आहे आणि त्याला पकडणे, पाळणे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे.

ढाबळी सुताराकडून करून घ्यावी. जमिनीपासून तीन-चार फूट उंच, तोंड पूर्वेला, जाळी अर्ध्या इंचाची. मोठ्या छिद्राच्या जाळीतून घूस आणि साप दोन्ही आत येतात. बसायला गोल दांडी नको, चपटी फळी हवी. प्रत्येक जोडीला दीड फुटाचा आपला खण आणि त्यात मातीची परळ. खण कमी पडले की नर एकमेकांचे डोके फोडतात. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो, तेव्हा नुसत्या टिनपत्र्याखाली पिल्ले भाजून निघतात. पत्र्यावर पऱ्हाटी किंवा तुराट्या अंथराव्यात, आणि वरच्या बाजूला हवा निघून जायला फट ठेवावी. हवा खेळती, पण पाऊस आत नाही, अशी जागा साधली की अर्धे रोग येतच नाहीत.

दाण्याचा हिशेब सोपा आहे. एक पक्षी दिवसाला सुमारे पस्तीस ग्रॅम खातो. दहा जोड्यांना रोज सातशे ग्रॅम, म्हणजे महिन्याला एकवीस किलो; पिल्ले असली की अधिक. ज्वारी, गहू, मका, हरभरा, वाटाणा मिसळून द्यावे. पावसाळ्यात बुरशी धरलेला मका स्वस्तात मिळतो. तो घेणे म्हणजे विष विकत घेणे. विटेचा चुरा, शिंपल्याची भुकटी आणि थोडे मीठ वेगळ्या वाटीत ठेवावे, नाही तर ती भिंतीचा चुना टोचत बसतात. कबुतर चोच बुडवून पाणी ओढून पिते, म्हणून भांडे जरा खोल हवे आणि पाणी रोज बदललेले.

मादी दोन अंडी घालते. दुपारी नर बसतो, बाकी वेळ मादी. सतरा-अठरा दिवसांत पिल्ले निघतात आणि पहिला आठवडाभर दोघेही त्यांना पोटातले दूध पाजतात. होय, नरसुद्धा! हे दूध माणसाला बनवता येत नाही, म्हणून आईबाप गेलेले कोवळे पिल्लू सहसा वाचत नाही. महिनाभरात पिल्ले उडू लागतात आणि तोवर मादीने पुन्हा अंडी घातलेली असतात. इथेच शौकीन माणूस फसतो. आमच्या उरलेल्या आणि नव्याने घेतलेल्या पाच जोड्यांचे दोन वर्षांत साठ पक्षी झाले. विकवत नव्हते, उडवून लावता येत नव्हते.

आमची ढाबळी गोदामाच्या छपरावर होती. एका श्रावणात विष्ठेने आणि पिसांनी पन्हाळ तुंबली, पाणी मागे फिरले आणि साड्यांचे नऊ गठ्ठे भिजले. ते आम्ही सोसले. पण त्याच हिवाळ्यात मुलांच्या अम्मीला कोरडा खोकला लागला. ढाबळी त्याच झाडत असत, कारण आम्ही सकाळी दुकानात. झाडल्यावर चार-सहा तासांनी धाप लागे, अंगात कणकण येई, सकाळी बरे वाटे. वर्षभर सर्दी म्हणून औषधे झाली. शेवटी यवतमाळच्या एका डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "घरात कबुतरे आहेत का?"

कबुतराच्या पिसांची आणि वाळलेल्या विष्ठेची बारीक धूळ काही जणांच्या फुप्फुसाला सोसत नाही. फुप्फुस सुजते, आणि वर्षानुवर्षे चालले तर ते कायमचे आखडते. खरा इलाज धूळ बंद करणे हाच. २०२५ च्या जुलैत राज्य सरकारने मुंबईतील ५१ कबुतरखाने बंद करायला सांगितले, दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री पडली आणि केवढा गदारोळ झाला, हे वाचकांनी वाचले असेल. त्या वादात आम्ही पडत नाही. आम्ही फक्त आमच्या घरात रात्री खोकला ऐकला आहे.

ज्यांच्या घरी असा त्रास नाही त्यांनीही ढाबळी खिडकीपासून आणि मालापासून दूर ठेवावी, विष्ठा कोरडी कधीच झाडू नये, आधी पाणी शिंपडावे, नाकातोंडावर घट्ट मास्क लावावा आणि कपडे बाहेरच बदलावेत. विष्ठा फेकूही नये. इस्फहानजवळ सफवी काळातले कबुतरांचे मनोरे खतासाठीच बांधलेले होते. त्यावर खरबुजाची शेती पिके. मात्र ताजी विष्ठा झाडाला जाळते, ती कुजवूनच घालावी.

आम्ही चाळीस पक्षी वाटून टाकले. उरलेले दहा जोड भावाच्या शेतातल्या कोठ्यावर नेले. खोकला हळूहळू कमी झाला. जिना चढताना धाप अजून लागते. जुनी कबुतरे सोडली तर सरळ घरच्या गच्चीवर येतात, म्हणून ती तिकडे कोंडलेलीच आहेत. यंदा शेतावर जन्मलेली सहा पिल्ले पहिल्यांदा उडवली. मुलांच्या अम्मी संध्याकाळी गच्चीवर उभ्या राहून पाहत होत्या, एखादे इकडे येते का म्हणून. एकही आले नाही.