पाण्याचा ताण आणि पिकांचा शरीरक्रियात्मक प्रतिसाद : ऊस व रब्बी ज्वारी

कोल्हापूर जिल्ह्यात गगनबावड्यास वर्षाकाठी सुमारे ५,००० मि.मी. पाऊस पडतो, शिरोळ तालुक्यात तो ५०० मि.मी.च्या आसपास असतो. तरीही शिरोळचा ऊस नदीच्या पाण्यावर हिरवागार राहतो. पिकाला जाणवणारा पाण्याचा ताण पर्जन्यमापकावरून ठरत नाही. मुळांनी शोषलेले पाणी आणि पानांतून होणारा बाष्पोच्छ्वास यांतील तफावत म्हणजे ताण होय.

जमीन सुकू लागताच वनस्पतीत अब्सिसिक आम्लाचे प्रमाण वाढते. त्याच्या प्रभावाने रक्षकपेशींतून पोटॅशियम आयन बाहेर पडतात, त्यांपाठोपाठ पाणी जाते आणि पर्णरंध्रे मिटतात. पाण्याची बचत होते, परंतु कार्बन डायऑक्साइडचा मार्गही तोच असल्याने प्रकाशसंश्लेषण मंदावते. ऊस व ज्वारी ही दोन्ही सी-४ वर्गातील पिके आहेत. हा वायू पानातच संहत करण्याची यंत्रणा त्यांच्याकडे असल्यामुळे अर्धवट मिटलेल्या रंध्रांवरही ती काही काळ निभावून नेतात.

तथापि प्रकाशसंश्लेषण घटण्यापूर्वीच पेशींचे प्रसरण थांबते, हा क्रम महत्त्वाचा आहे. जोमदार वाढीच्या काळात ताण बसल्यास उसाच्या कांड्या आखूड राहतात आणि नंतर कितीही पाणी दिले तरी त्या लांबत नाहीत. तोडणीपूर्वी काही दिवस पाणी बंद करण्याची आपल्याकडील रीत याच क्रमाचा लाभ घेते : वाढ थांबते, साखरनिर्मिती मात्र चालू राहते आणि ती कांड्यांत साठते. एकच ताण, परंतु अवस्थेनुसार कधी नुकसानीचा, कधी उपकारक.

सोलापूरकडील रब्बी ज्वारीची स्थिती निराळी आहे. हे पीक बहुतांशी काळ्या जमिनीत साठलेल्या ओलीवर वाढते व दाणे भरण्याच्या वेळी ओल संपत आलेली असते. मोहोळ येथे स्वातंत्र्यपूर्व काळात निवडलेली ‘मालदांडी ३५-१’ ही जात अशाच परिस्थितीत टिकून राहिली. ज्वारीची मुळे खोल जातात, पाने गुंडाळली जातात, पानांवर मेणाचा थर असतो आणि पेशींत विद्राव्य पदार्थ साठून त्यांची स्फीती टिकते. पाने काम देईनाशी झाली की ताटातील साठीव शर्करा कणसाकडे वळवली जाते. याची किंमतही पिकाला मोजावी लागते. दुबळ्या झालेल्या ताटात बुरशी शिरते व ‘खडखड्या’ रोगाने ताटे कोलमडतात.

या पार्श्वभूमीवर महाविद्यालयीन संशोधनातील एका प्रघाताविषयी लिहिणे आवश्यक वाटते. पॉलिएथिलीन ग्लायकॉलच्या द्रावणात रोपे ठेवावयाची, प्रोलीन मोजावयाचे आणि ज्या वाणात ते अधिक, तो अवर्षणसहिष्णू ठरवावयाचा, अशी मांडणी वारंवार आढळते. प्रोलीन पेशींचे काही अंशी संरक्षण करते, हे खरे. परंतु वाढ खुंटलेल्या, अधिक हाल सोसणाऱ्या रोपातही ते वाढते. ते ताणाची खूण आहे, सहिष्णुतेचे प्रमाणपत्र नव्हे. शिवाय द्रावणातील ताण काही तासांत येतो, काळ्या रानातला काही आठवड्यांत; मुळे खोल नेण्यास द्रावणातील रोपाला अवसरच मिळत नाही.

प्रोलीनच्या जोडीला पानांतील सापेक्ष जलांश नोंदवावा. ताज्या व शुष्क वजनांतील फरकास पूर्ण स्फीत व शुष्क वजनांतील फरकाने भागून १०० ने गुणले की तो मिळतो. त्यासाठी तराजू व ओव्हन पुरेसे आहेत. आणि तेच वाण शेतात कापणीपर्यंत नेऊन दाण्यांचे वजनही घ्यावे.